कमीत कमी दोन

एकटेपणा हा गुन्हा आहे. फक्त तो कोणाचा, यावर सगळं अवलंबून असतं.

आमच्या स्वित्झर्लंडात हा प्रश्न कायद्याने निकालात काढला आहे. गिनीपिग हा कळपात राहणारा जीव. एकटा ठेवला तर तो खात नाही, कोपऱ्यात तोंड घालून बसतो आणि झुरून मरतो. म्हणून कायदा सांगतो की गिनीपिग पाळायचं तर कमीत कमी दोन. एकच पाळणं म्हणजे त्याचा छळ. हे वाचून ज्याला हसू येईल त्याला काळीज नाही (किंवा तो पर्यटक आहे). मी या कायद्याच्या पूर्णपणे बाजूने आहे. ज्याने कोणी तो लिहिला त्याने कधीतरी गिनीपिगच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं असणार. त्याशिवाय इतकं नेमकं सुचत नाही.

आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडं आहेत. मी तिथला केअरटेकर. जिना पुसणं, दारातला बर्फ लोटणं, खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरमध्ये अडकलेली हवा काढणं आणि धुण्याच्या सामाईक खोलीच्या किल्लीवरून होणारी भांडणं मिटवणं ही माझी कामं. या कामांच्या निमित्ताने अकरा वर्षांत जमवलेली आकडेवारी अशी: एकट्याने राहणारी माणसं सात, एकट्याने राहणारी गिनीपिगं शून्य. दुसऱ्या आकड्यावर सरकार समाधानी आहे. पहिला आकडा त्याने कधी मागितलेला नाही, आणि न मागितलेली माहिती देणं आमच्याकडे असभ्यपणाचं मानतात.

तिसऱ्या मजल्यावर डावीकडे ब्रेंडली राहतात. वय एक्क्याऐंशी. रेल्वेत सांधेवाले होते. चाळीस वर्षांत त्यांनी दोन गाड्यांची समोरासमोर गाठ पडू दिली नाही, आणि निवृत्त झाल्यावर तीच सवय माणसांच्या बाबतीत चालू ठेवली. जिन्यात कोणाची चाहूल लागली की ते दाराआड थांबत, समोरचा रूळ मोकळा झाला की बाहेर पडत.

इथे आमच्या रीतीबद्दल दोन शब्द. शेजाऱ्याला आम्ही आडनावाने हाक मारतो आणि अहो-जाहो करतो. तीस-तीस वर्षं करतो. अरे-तुरेवर येणं हा एक विधी आहे. वयाने मोठं असेल त्याने पुढाकार घ्यायचा, हातात ग्लास हवा, नजरेला नजर भिडवायची, आणि मग आपलं पहिलं नाव सांगायचं. तोवर पहिलं नाव म्हणजे माणसाचं अंतर्वस्त्र: आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, चौकशी कोणी करत नाही. टपालपेटीवरसुद्धा आडनाव, फार तर त्याच्याआधी एक अक्षर. ब्रेंडलींच्या पेटीवर 'अ. ब्रेंडली' आहे. त्या अ-चं पुढे काय होतं हे विचारणं आगाऊपणा झाला असता. म्हणून अकरा वर्षं मी विचारलं नाही, आणि माझ्या मते आमचे संबंध उत्तम होते.

चार वर्षांपूर्वी ब्रेंडलींची बायको गेली. जाताना दोन गिनीपिगं मागे ठेवून गेली: ओट्टो आणि फ्रीडा. फ्रिजच्या दारावर तिने एक यादीही चिकटवून ठेवली होती. ब्रेंडलींनी ती कधी काढली नाही, आणि तीतलं एकही कलम मोडलं नाही.

गिनीपिग पाळण्याचा खर्च किती, असं मला लोक विचारतात. खुद्द गिनीपिग त्यात सगळ्यात स्वस्त. त्याच्यामागून येतं ते महाग. पिंजरा अर्धा चौरस मीटरहून लहान चालत नाही. सुकं गवत, चोवीस तास. कुरतडायला लाकूड. लपायला प्रत्येकी एक घर, त्याला शक्यतो दोन दारं, म्हणजे एकाचं दुसऱ्याशी पटलं नाही तर मागच्या दाराने निघून जाता येतं (ही सोय आमच्या इमारतीतल्या चार जोडप्यांना उपलब्ध नाही). रोज ताजा पाला, कारण गिनीपिगला क जीवनसत्त्व मिळालंच पाहिजे असं नियमात लिहिलेलं आहे. ब्रेंडली स्वतः आठवड्यातून सहा दिवस बटाटे खातात. त्यांच्या क जीवनसत्त्वाबद्दल नियम मौन पाळतात, आणि ते योग्यच आहे. सरकारने माणसाच्या ताटात डोकावू नये. ओट्टोचा दात वाढला तेव्हा तो घासून घ्यायला एकशे ऐंशी फ्रँक लागले. त्याच सुमारास ब्रेंडलींचाही एक दात हलत होता. तो त्यांनी आपोआप पडू दिला.

या खर्चाच्या बदल्यात मिळतं काय? शीळ मिळते. गिनीपिगला फ्रिज उघडल्याचा आवाज कळतो. दार उघडलं रे उघडलं की काकडीच्या आशेने ते शीळ घालतं, अगदी कुकरसारखी. ब्रेंडली घरात उठले, चालले, स्वयंपाकघरात आले, याची दखल घेणारं जगात एवढंच उरलं होतं. दिवसातून पाच वेळा, दोन शिट्ट्या. मी जिना पुसत असलो की मला ऐकू यायच्या. काही वेळा त्यांना काही नको असतानाही ते फ्रिज उघडत असावेत. वीज त्यांची, त्यामुळे मी त्यात पडलो नाही.

फेब्रुवारीत ओट्टो मेला, आणि ब्रेंडली गुन्हेगार झाले.

त्यांच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्यावर चान्झबाई राहतात. कर्तव्यदक्ष बाई. रविवारी, आवाजाला बंदी असताना, बाटल्यांच्या डब्यात कोणी काचेची बाटली टाकली तर बाटलीच्या आवाजावरून त्या बिअर की वाइन ते ओळखतात. दोन शिट्ट्यांची एक झाल्याचं त्यांच्या कानांनी त्याच दिवशी टिपलं. आठवडाभर त्यांनी थांबून पाहिलं, मग धुण्याच्या खोलीत मला गाठलं.

"अहो, ती बिचारी एकटी पडलीय," त्या म्हणाल्या. "दुपारभर एकटीच शीळ घालते. काळीज तुटतं माझं."

मी विचारलं, "आणि ब्रेंडली?"

"ते कुठे शीळ घालतात?"

चान्झबाईंनी प्राणी-कल्याण खात्याला दोन पानी पत्र लिहिलं. मी ते नंतर पाहिलं. चांगलं पत्र होतं. फ्रीडाचं नाव त्यात नऊ वेळा आलं होतं, ब्रेंडलींचा उल्लेख एकदा, 'तिसरा मजला, डावीकडचा भाडेकरू' असा. चान्झबाई वाईट आहेत असा समज कोणी करून घेऊ नये. पत्र टाकायला जाताना त्यांनी गाजराचा पाला ब्रेंडलींच्या दाराच्या कडीला अडकवला. बेल मात्र वाजवली नाही. आत दुखवटा असताना बेल वाजवणं बरं दिसत नाही.

खात्याकडून इमहास्ली नावाचा तरुण आला. गुळगुळीत दाढी, खिशात टेप, आवाज रुग्णालयात बोलावा तसा. त्याने पिंजरा मोजला, गवत हुंगलं, फ्रीडाचं वजन केलं आणि तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. फ्रीडाची मनःस्थिती खालावलेली आहे, असं त्याचं मत पडलं. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या मनःस्थितीसाठी त्याच्या वहीत रकाना नव्हता. एकवीस दिवसांची मुदत मिळाली. तेवढ्या दिवसांत फ्रीडाला सोबत आणा, नाहीतर फ्रीडाला खातं घेऊन जाईल.

ब्रेंडलींनी एक जुनी वेळापत्रकाची वही काढली आणि सांधेवाल्याच्या पद्धतीने हा प्रश्न आखून पाहिला. मला त्यांनी तो आराखडा दाखवला. अकरा वर्षांत त्यांनी मला दाखवलेली ती पहिली गोष्ट. फ्रीडा पाच वर्षांची, तिची रेघ लवकरच संपते. सोबतीला नवं पिल्लू आणलं तर त्याची रेघ तिच्या पुढे जाते, आणि ते एकटं पडतं. मग त्याला सोबत हवी. तिची रेघ आणखी पुढे. दोन रेघा एकाच जागी कधीच संपत नाहीत. कागदाच्या कडेपर्यंत त्यांनी अशा रेघा ओढल्या होत्या आणि तळाशी लिहिलं होतं: कायदा पाळायचा तर मला एकशे तीस वर्षांपर्यंत जगावं लागेल, आणि तेव्हाही एक उरेलच.

"या लाइनीला शेवटचं स्टेशन नाही," ते म्हणाले.

पण ज्या देशाने अडचण शोधून काढली त्याच देशाने तिच्यावर इलाजही काढला आहे. गावाबाहेर हुन्झिकरबाई म्हणून एक विधवा आहेत. त्यांच्या गोठ्यात आता गाई नाहीत, ऐंशी गिनीपिगं आहेत, आणि त्या ती सोबतीसाठी भाड्याने देतात. तुमचं उरलेलं गिनीपिग जिवंत असेतोवर भाड्याचं त्याच्याजवळ राहतं. तुमचं मेलं की भाड्याचं परत जातं, आणि लाइन संपते. मी ही गोष्ट बाहेरच्या लोकांना सांगतो तेव्हा ते हसतात. हसू द्या. त्यांच्याकडे म्हाताऱ्यांना भेटायला कोणी येत नाही, निदान आमच्याकडे गिनीपिगला तरी येतं.

भाड्याने आला तो कास्पर. वय चार, रंग करडा, नसबंदी झाल्याचा दाखला सोबत. याआधी त्याने तीन विधवांना अखेरपर्यंत साथ दिली होती, आणि एकीचीही त्याच्याविरुद्ध तक्रार नव्हती. असा अनुभव आमच्या नगरपालिकेत कोणाकडे नाही. फ्रीडाने पहिल्या दिवशी त्याला चावून पाहिलं, दुसऱ्या दिवशी त्याच्या वाटणीची काकडी खाल्ली, आणि तिसऱ्या दिवसापासून त्याच्या अंगाला टेकून झोपू लागली. (माणसांत यालाच साखरपुडा, लग्न आणि संसार म्हणतात. त्याला खर्च जास्त येतो.)

करारात एक कलम होतं. दर पंधरा दिवसांनी, गुरुवारी अडीच वाजता, मालकीणबाई येऊन दोघांचं जमतंय का ते पाहणार, वजन करणार, नखं कापणार. वेळ: पंधरा मिनिटं. प्रत्यक्ष अंमलबजावणी पुढीलप्रमाणे झाली. पहिला गुरुवार, पंधरा मिनिटं. दुसरा गुरुवार, पंचवीस, कारण कास्परचं एक नख अवघड होतं. तिसऱ्या गुरुवारी सफरचंदाचा केक होता, एक तास दहा मिनिटं. ब्रेंडलींनी त्या दिवशी टाय बांधला होता. चौथ्या गुरुवारी मी तिथेच रेडिएटरची हवा काढत होतो. कास्परचं वजन चाळीस ग्रॅमनी वाढलं होतं आणि फ्रीडाचं साठ, आणि त्या आनंदात पांढरी वाइन उघडली गेली. "मी वेरेना," हुन्झिकरबाई म्हणाल्या. ब्रेंडलींनी घसा साफ केला, "अलोईस" म्हणाले, आणि तेवढ्यात रेडिएटरने हवा सोडली, त्या आवाजाला घाबरून फ्रीडा आपल्या घरात शिरली, आणि कास्पर तिच्यामागून शिरायला गेला तो दारातच अडकला. त्याला बाहेर काढण्यात पुढची दहा मिनिटं गेली. अडकलेला कास्पर हा आमच्या इमारतीत पुढे वर्षभर बोलण्याचा विषय झाला.

कारण एव्हाना सगळी इमारत या संसारात गुंतली होती. धुण्याच्या खोलीत, कोणाचं मशीन कधी या तक्त्याच्या शेजारी, पाल्याचा तक्ता लागला. सोमवारी कोथिंबीर, मंगळवारी गाजराचा पाला, असं करत बारापैकी नऊ बिऱ्हाडांनी आपापला वार घेतला, दोन वार दोघांत वाटून. ज्या लोकांनी एकमेकांना मशीनमधलं पाणी पुसलं नाही म्हणून वकिलाची नोटीस दिली होती त्यांनी हे केलं. पाला दाराला अडकवून ते आल्या पावली खाली जात. कोणीही बेल वाजवून फ्रीडाला त्रास दिला नाही.

ऑक्टोबरमध्ये, एका सोमवारी, फ्रीडा झोपेतच गेली.

आता कायद्याने करायचं ते सरळ होतं. फोन करायचा, कास्परला परत पाठवायचं. लाइन संपली. ब्रेंडली माझ्याकडे आले आणि आरसा मागितला. तळघरातल्या बंकरमध्ये (अणुयुद्धासाठी बांधलेला आहे, सध्या स्कीइंगचं सामान असतं) कोणाच्या तरी जुन्या कपाटाचा आरसा पडून होता, तो मी दिला. कशाला हवा ते विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना सांगावं लागलं असतं.

आरसा पिंजऱ्यात उभा राहिला. कास्पर त्याच्यासमोर बसून खाऊ लागला, समोरचाही खाऊ लागला. त्या गुरुवारी हुन्झिकरबाई आल्या. पुढचं मला त्यांनीच नंतर सांगितलं. त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं, ब्रेंडलींच्या टायकडे पाहिलं. ऐंशी गिनीपिगं सांभाळणारी बाई, तिला एक आणि दोन यांतला फरक कळत नाही असं कोण म्हणेल? गिनीपिगं भाड्याने द्यायचा त्यांचा परवाना जायची पाळी होती. त्यांनी नाकावरचा चष्मा काढून पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "आज चष्मा घरीच विसरले वाटतं. पण दोघांचं छान चाललेलं दिसतंय."

मग केक खाल्ला. असे तीन गुरुवार गेले.

चष्मा विसरता येतो, कान विसरता येत नाहीत. चान्झबाईंनी सहा आठवडे एकच शीळ मोजली, आणि कास्परचं नाव अकरा वेळा घालून दुसरं पत्र लिहिलं. इमहास्ली पुन्हा आला. केअरटेकर म्हणून मला सोबत नेलं. हा गृहस्थ हुशार होता, काचेवर बोट लावून पाहिलं.

"हा आरसा आहे," तो म्हणाला.

ब्रेंडलींनी ते नाकारलं नाही.

"म्हणजे कास्पर सहा आठवडे एकटा होता."

"एकटा कसा?" ब्रेंडली म्हणाले. "मी होतो की."

इमहास्लीने मान खाली घातली. अवघड बातमी सौम्यपणे द्यायचं त्याला शिकवलेलं असावं. "तुम्ही त्याच्या जातीचे नाही," तो म्हणाला.

ब्रेंडलींनी यावर विचार केला. सांधा बदलण्याआधी माणूस जसा दोन्हीकडे पाहतो तसं त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलं, खोलीकडे पाहिलं. "बरं. याला न्या. मग या घरात एक उरतो. त्याच्या तपासणीला कोण येतं?"

मला वाटलं इमहास्ली हसेल. तो हसला नाही. प्रामाणिक नोकर होता. त्याने बॅगेतून नियमांची वही काढली, उभ्या उभ्या चाळली, पोपट, ससे, मासे, सगळी पानं पाहिली, शेवटची सूचीसुद्धा पाहिली.

"माणसांसाठी किमान संख्या दिलेली नाही," तो म्हणाला. "मी वर विचारून कळवू शकतो."

वरून अजून काही कळलेलं नाही.

दंड झाला नाही, समज दिली गेली. कास्परला गवत घातलेल्या खोक्यात ठेवलं. त्याला निरोप द्यायला नऊची नऊ बिऱ्हाडं जिन्यात उभी होती. पहिल्या मजल्यावरच्या बाईंना हुंदका आवरला नाही. "सांभाळून जा हं, कास्पर," असं बँकेतला एक माणूस म्हणाला, जो मला 'नमस्कार'सुद्धा हप्त्याने देतो. ब्रेंडली दारात आरसा धरून उभे होते. खोकं वळणावरून दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं.

खाली आल्यावर इमहास्लीने प्रकरण बंद करायचा फॉर्म टपालपेट्यांवर ठेवून भरला. घरात एकटा उरलेला जीव: शून्य. तक्रारीचं निवारण: झालं. पुढचा रकाना होता, पाळणाऱ्याचं पूर्ण नाव. तो थांबला आणि त्याने जिन्याकडे पाहिलं. पेटीवर 'अ.' होतं. चान्झबाई म्हणाल्या, आल्बर्ट असावं. बँकवाला म्हणाला, आंटोन, तोंडवळा आंटोनचा आहे. मला खरं म्हणजे ठाऊक असायला हवं होतं. मी एकदा ऐकलंही होतं. पण मधे रेडिएटर आला, कास्पर अडकला, आणि राहून गेलं. तीन मजले चढून बेल वाजवायची सूचना कोणी केली नाही. इमहास्लीने 'अ.' लिहिलं आणि तो गेला. पाल्याचा तक्ता मी त्याच संध्याकाळी उतरवला.

पुढच्या गुरुवारी अडीच वाजता हुन्झिकरबाई आल्या. हातात खोकं नव्हतं, केकचा डबा होता आणि नखं कापायची छोटी कात्री. चान्झबाई दुसऱ्या मजल्यावर दारातच होत्या.

"आता कसली तपासणी?" त्यांनी विचारलं. "तिथे कोणी प्राणी राहिलेला नाही."

"एक आहे," हुन्झिकरबाई म्हणाल्या. "नखं बघा त्याची, केवढी वाढलीत."

आणि त्यांनी जिन्यातूनच वरच्या दाराकडे तोंड करून ब्रेंडलींना पहिल्या नावाने हाक मारली. दोनदा. आमच्या जिन्यात असं कधी झालेलं नव्हतं. बाराही दारांमागे ते ऐकू गेलं असणार. मग तिसऱ्या मजल्यावर फ्रिज उघडल्याचा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ शीळ. जरा फाटकी, दात नसल्यामुळे, पण शीळच.

चान्झबाईंनी कान देऊन ऐकलं. एकच होती. तरी त्यांनी पत्र लिहिलं नाही.

वाचकांचा जीव टांगणीला लागला असेल, म्हणून सांगून टाकतो: कास्पर मजेत आहे. सध्या तो नदीपलीकडच्या एका नव्या विधवेकडे आहे, वजन चांगलं आहे, आणि दारात तो पुन्हा अडकलेला नाही. ओट्टो, फ्रीडा, कास्पर, ही तिन्ही नावं तुम्हाला आता झोपेतून उठवलं तरी सांगता येतील. ब्रेंडलींचं पहिलं नाव सांगा. वर एकदा आलेलं आहे, त्यांच्याच तोंडून, वाइनचा ग्लास हातात असताना.

आठवत नाही? हरकत नाही. तुम्ही आमच्याच जिन्यातले.